पहिला राजा 'दुसरा' कसा?

इतिहासाच्या पेपरात हमखास यायचं ते उत्तर मला अजून पाठ आहे. मॅझिनी हा इटलीच्या एकीकरणाचा आत्मा, काव्हूर मेंदू आणि गॅरिबाल्डी तलवार. पाच मार्कांना एवढं पुरायचं. खाली सनावळी जोडली की पैकीच्या पैकी. स्पर्धा परीक्षांच्या गाइडांत ही त्रिमूर्ती आजही तशीच बसलेली आहे. एक प्रश्न मात्र तेव्हा कुणी विचारला नाही आणि आम्हालाही सुचला नाही. १७ मार्च १८६१ रोजी तुरिनमध्ये इटलीचं राज्य जाहीर झालं. त्या राज्याचा पहिला राजा व्हिक्टर इमॅन्युएल. त्याचं पूर्ण नाव 'व्हिक्टर इमॅन्युएल दुसरा'. मग पहिला कोण?

पहिला होता पिडमाँटचा, म्हणजे सार्डिनियाच्या राज्याचा. १८२१ मध्ये गादी सोडून तो मोकळा झाला होता. नव्या देशाचा राजा झाल्यावरही व्हिक्टर इमॅन्युएलने घराण्यातला आपला जुना अनुक्रमांक बदलला नाही. यावर तेव्हाही कुरबूर झाली, पण ती तिथेच विरली. संसदेचीही तीच गत. इटलीची पहिलीवहिली संसद कागदोपत्री 'आठवी' म्हणून नोंदली गेली, कारण आधीच्या सात पिडमाँटच्या होत्या आणि मोजणी तिथूनच पुढे चालू राहिली. घटना तरी नवी? तीही नाही. राजाचे वडील चार्ल्स आल्बर्ट यांनी मार्च १८४८ मध्ये आपल्या पिडमाँटी प्रजेला जी सनद दिली होती, तीच साऱ्या इटलीला लागू झाली.

राज्यं एकमेकांत मिसळण्यासाठी मराठीत तीन वेगळे शब्द आहेत. सातारा खालसा झालं, कोल्हापूर विलीन झालं आणि इटलीचं एकीकरण झालं, असं आपण सहज लिहून जातो. १८६० साली नेपल्समध्ये जे घडलं त्याला यांतला कुठला शब्द लावायचा? इटली एक व्हायला नको होती असं मला मुळीच म्हणायचं नाही. माझी तक्रार वेगळी आहे. एकत्र कशा अटींवर यायचं हे ठरवायला सगळे एका बैठकीत कधी बसलेच नाहीत. तशी बैठक अशक्य होती म्हणून राहिली असंही नाही. ती समोर आली होती आणि समजून उमजून टाळली गेली.

आधी नकाशा पाहून घेऊ. १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेनंतर वायव्येला पिडमाँट, राजधानी तुरिन. त्याला लागून मिलान आणि व्हेनिस थेट ऑस्ट्रियाच्या अमलाखाली. पार्मा, मोडेना, टस्कनी या लहान गाद्यांवर ऑस्ट्रियाच्या राजघराण्याचे नातलग. मधोमध आडवं पसरलेलं पोपचं राज्य. आणि खाली नेपल्स व सिसिली मिळून बूर्बाँ घराण्याचं राज्य, जे आकाराने सगळ्यांत मोठं. ऑस्ट्रियाचा मेटरनिक इटलीला 'भौगोलिक संज्ञा' म्हणायचा, ते हेटाळणीने. पण हवेतलं नव्हतं. १८६१ मध्ये शंभरातल्या तिघांनाही प्रमाण इटालियन बोलता येत नव्हतं असा भाषातज्ज्ञांचा एक गाजलेला अंदाज आहे. उदार मनाचे अभ्यासक तो आकडा दहापर्यंत नेतात. राजा घरात पिडमाँटी बोली बोलायचा आणि त्याचा पंतप्रधान काव्हूर याला सगळ्यांत सफाईदार यायची ती फ्रेंच.

तरीही एकीची ओढ खोटी नव्हती. १८४८ च्या जानेवारीत मिलानच्या लोकांनी तंबाखू सोडली. तंबाखूचा मक्ता ऑस्ट्रियन सरकारचा, तेव्हा तिजोरीला चाट बसावी हा हेतू. मग ऑस्ट्रियन सैनिक मुद्दाम सिगार ओढत, धूर सोडत रस्त्यांतून फिरू लागले. ३ जानेवारीला मारामाऱ्या झाल्या, माणसं मेली. मार्चमध्ये त्याच शहराने पाच दिवस गल्लोगल्ली अडथळे रचून ऑस्ट्रियाच्या फौजेला बाहेर काढलं. विदेशी कापडाच्या होळ्यांच्या गोष्टी ऐकत मोठं झालेल्या माणसाला हे सगळं ओळखीचं वाटतं.

ओळख तर जुनीच आहे. सावरकरांनी मॅझिनीच्या लेखनाचा मराठी अनुवाद केला, तो १९०७ मध्ये बाबारावांनी छापून प्रसिद्ध केला आणि इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली. 'अभिनव भारत' हे नावच मॅझिनीच्या 'तरुण इटली'च्या वळणावरचं. दोन वर्षांनी गांधींनी 'हिंद स्वराज्य'मध्ये याच मॅझिनीला उलट्या बाजूने हाताशी धरलं. ऑस्ट्रियाचं सैन्य गेल्याने इटलीच्या सामान्य माणसाच्या पदरात नेमकं काय पडलं, हा त्यांचा सवाल. एका टोकाला सावरकर, दुसऱ्या टोकाला गांधी, आणि दोघांच्या हाती मॅझिनी! गंमत अशी की ज्या इटलीवर हा वाद चालला ती मॅझिनीने बनवलेलीच नव्हती.

मॅझिनीची इटली फक्त पाच महिने टिकली. १८४८ च्या नोव्हेंबरात पोप रोममधून पळाला. १८४९ च्या जानेवारीत सर्व प्रौढ पुरुषांच्या मतदानाने घटनासभा निवडली गेली, फेब्रुवारीत रोमचं प्रजासत्ताक जाहीर झालं आणि तीन प्रमुखांपैकी एक म्हणून मॅझिनी कारभार पाहू लागला. पोपला गादीवर परत बसवायला फ्रान्सने फौज पाठवली. गॅरिबाल्डीने जानिकोलोच्या टेकडीवर महिनाभर झुंज दिली, पण शहर पडणार हे जूनअखेर स्पष्ट झालं होतं. तशातही घटनासभा कलमांवर मतं घेत होती. ३ जुलैला, फ्रेंच पलटणी शहरात शिरत असताना, रोमच्या कॅपिटोल टेकडीवर ती घटना जाहीर वाचली गेली. फाशीची शिक्षा रद्द, नागरी हक्क धर्मावर अवलंबून नाहीत, मताधिकार सर्व पुरुषांना. अमलात एक दिवसही न आलेली घटना. मला हा प्रसंग इटलीच्या साऱ्या लढायांपेक्षा मोठा वाटतो. उद्या आपण उरणार नाही हे ठाऊक असलेल्या माणसांनी आदल्या दिवसापर्यंत बसून नियम लिहिले.

मॅझिनीचा आग्रह पुढेही तोच राहिला: राजा कोण हे नंतर पाहू, आधी साऱ्या इटलीची घटनासभा बोलवा. त्याच्यातले दोष कुणी लपवलेले नाहीत. त्याचे उठाव एकामागून एक फसले, तरुण पोरं हकनाक मेली आणि शेतकऱ्याला काय हवंय हे त्याला कधी नीट कळलं नाही. पण घटनासभेचा त्याचा हट्ट बरोबर होता आणि नेमका तोच हरला.

काव्हूर मुळात एकीवादी नव्हताच. १८५६ मध्ये एका पत्रात त्याने 'इटलीचं ऐक्य आणि तसला इतर वेडपटपणा' अशा शब्दांत विषय झटकला होता. त्याला हवं होतं मोठं, आधुनिक, रेल्वे-बँका असलेलं उत्तरेचं राज्य. जुलै १८५८ मध्ये प्लोंबिएरच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर तो फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याला गुपचूप भेटला. दुपारी सम्राटाने स्वतः घोडागाडी हाकत त्याला डोंगरात फिरवलं आणि त्या तीन-चार तासांत सौदा ठरला. ऑस्ट्रियाशी युद्ध करायचं, त्यासाठी निमित्त शोधायचं, बदल्यात फ्रान्सला सव्हॉय आणि नीस द्यायचं, आणि राजाची पंधरा वर्षांची मुलगी क्लोटिल्ड हिचं लग्न सम्राटाच्या छत्तिशीतल्या चुलतभावाशी लावायचं. ते लग्न झालंही. नकाशा आखणाऱ्यांनी त्या पोरीला किती विचारलं असेल ते असो. त्या गाडीत ठरलेल्या योजनेत नेपल्सचं राज्य वेगळंच राहणार होतं; पोपच्या नाममात्र अध्यक्षतेखाली राज्यांचा संघ, एवढीच झेप होती. म्हणजे इटली एक करायला निघालेला पाताळयंत्री मेंदू, हे आमच्या उत्तरातलं चित्र मागून रंगवलेलं. काव्हूर संधी हेरणारा माणूस होता आणि त्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

१८५९ चं युद्ध झालं, माजेंटा आणि सोल्फेरिनोला रक्त सांडलं, लोम्बार्डी मिळाली आणि नेपोलियनने मध्येच परस्पर तह करून टाकला. १८६० च्या मार्चमध्ये टस्कनी आणि मधल्या लहान गाद्या पिडमाँटला जोडल्या गेल्या, नीस फ्रान्सला गेलं. नीस हे गॅरिबाल्डीचं जन्मगाव. आपल्याच देशात याने मला परका केलं, हा राग तो काव्हूरवर शेवटपर्यंत धरून होता.

आणि मे १८६० मध्ये गॅरिबाल्डीने काव्हूरचा सगळा हिशेब उधळला. जेनोआजवळून दोन आगबोटी, हजारावर थोडी माणसं, जुनाट बंदुका. वकील, डॉक्टर, विद्यार्थी. शेतकरी जवळजवळ नाहीच. ११ मेला ते सिसिलीत मार्सालाला उतरले, महिनाअखेर पालेर्मो हाती आलं, ७ सप्टेंबरला गॅरिबाल्डी चक्क रेल्वेत बसून नेपल्समध्ये शिरला. चार महिन्यांत इटलीतलं सगळ्यांत मोठं राज्य कोसळलं. ही गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी शिळी होत नाही. पण ती सांगताना एटना ज्वालामुखीच्या पश्चिम उतारावरचं एक गाव गाळलं जातं.

त्या गावाचं नाव ब्रोंते. आज ते पिस्त्यासाठी प्रसिद्ध आहे. १७९९ मध्ये बूर्बाँ राजाने इंग्रज आरमारप्रमुख नेल्सनला ही जहागीर बक्षीस दिली होती आणि १८६० मध्ये ती त्याच्या वारसांकडे होती. जंगलातलं लाकूड, चराऊ रानं, गावची सामायिक जमीन कुणाची, यावर गाव आणि जहागीर यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या कोर्टकज्जे चाललेले. २ जूनला गॅरिबाल्डीच्या सरकारने हुकूम काढला की लढ्यात उतरणाऱ्यांना सामायिक जमिनीत वाटा मिळेल. ब्रोंतेच्या माणसांनी तो शब्दशः घेतला. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते राज्य आलं, आता जमीन मिळणार. पण आठवडे गेले, वाटप होईना; नव्या टोप्या घालून जुनेच प्रतिष्ठित खुर्च्यांवर बसलेले. ऑगस्टच्या सुरुवातीला भडका उडाला. घरं, दप्तरं जाळली, एका नोटरीसह डझनाहून अधिक माणसं क्रूरपणे मारली गेली.

ते क्रूर होतं, यात वाद नाही. पुढे काय झालं ते पाहा. इंग्रजांकडून तक्रार आली, आणि गॅरिबाल्डीला इंग्रजांची सदिच्छा गमावणं परवडणारं नव्हतं. त्याने आपला उजवा हात निनो बिक्सिओ याला पाठवलं. झटपट खटला उरकला आणि १० ऑगस्टला पाच जणांना गोळ्या घातल्या. त्यांत निकोलो लोंबार्दो नावाचा वकील होता, जो गावाची बाजू वर्षानुवर्षं मांडत आलेला आणि स्वतः नव्या राजवटीचा समर्थक. आणि एक होता गावातला वेडा, ज्याने डोक्याला तिरंगी फडकं बांधून कर्णा वाजवत गावभर हाकाटी दिली होती. इतकाच त्याचा गुन्हा. सिसिलीच्या शेतकऱ्याला 'इटली' या शब्दाचा अर्थ कळण्याची पहिली संधी ही होती.

नेपल्स हाती आल्यावर खरा प्रश्न उभा राहिला: आता पुढे कसं? सप्टेंबरात मॅझिनी तिथे येऊन पोहोचला. मिलानचा कार्लो कात्तानेओही आला. १८४८ च्या पाच दिवसांतला हा नेता पक्का संघराज्यवादी. प्रत्येक प्रदेशाची आपली सभा हवी, वर सगळ्यांची मिळून एक, स्वित्झर्लंड-अमेरिकेसारखं, असं त्याचं म्हणणं. नेपल्स आणि पालेर्मोत प्रतिनिधी सभा बोलवाव्यात, त्यांनी जोडणीच्या अटी ठरवाव्यात, ही मागणी गॅरिबाल्डीच्या गोटातूनच पुढे आली. सिसिलीत तशा निवडणुकीची तयारीही सुरू झाली होती. काव्हूरला ते नको होतं. सभा बसली की वाटाघाटी आल्या, अटी आल्या, मॅझिनी आला. त्याला बिनशर्त जोडणी हवी होती आणि तीही लगेच. गॅरिबाल्डी दोन्हीकडून ओढला जात होता. शेवटी तो सार्वमताला कबूल झाला.

२१ ऑक्टोबर १८६०. मतदानाच्या ठिकाणी तीन पात्रं मांडलेली. एका बाजूच्या पात्रात 'होय'च्या चिठ्ठ्या, दुसऱ्या बाजूच्या पात्रात 'नाही'च्या आणि मधलं रिकामं. मतदाराने सगळ्यांदेखत एका बाजूची चिठ्ठी उचलायची आणि मधल्यात टाकायची. भोवती राष्ट्रीय रक्षकदलाचे बंदूकधारी, गावचा जमीनदार, पाद्री, शेजारीपाजारी. कुठल्या बाजूला हात गेला हे पाहायला सगळे हजर. प्रश्न असा: व्हिक्टर इमॅन्युएल आणि त्याच्या वंशजांच्या घटनात्मक राजवटीखाली एकसंध, अविभाज्य इटली जनतेला हवी आहे. होय की नाही? एकाच प्रश्नात ऐक्य, राजा, राजाची मुलंनातवंडं आणि 'अविभाज्य' असं सगळं कोंबलेलं. इटली हवी पण संघराज्य हवं, असं म्हणणाऱ्याने कुठली चिठ्ठी उचलायची? नेपल्सच्या बाजूला १३,०२,०६४ होय, १०,३१२ नाही. सिसिलीत ४,३२,०५३ होय आणि ६६७ नाही.

हे आकडे पाहिले की मला १६ जानेवारी १९६७ चा गोव्याचा जनमत कौल आठवतो. फूल आणि दोन पानं. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं? विलीनीकरण ३४ हजार मतांनी हरलं. मराठी माणसाला तो निकाल तेव्हा लागला होता, काहींना अजून लागतो. पण तो कौल खरा होता याचा सगळ्यांत मोठा पुरावा हाच की आपण हरू शकलो. सिसिलीत चार लाखांत ६६७ विरोधक निघतात तेव्हा लोक एकमुखी नसतात, विचारणाऱ्याने प्रश्न नीट विचारलेला नसतो.

सार्वमत सरसकट नाटक होतं असं मात्र मी म्हणणार नाही. बूर्बाँ राजवटीला लोक विटले होते, गॅरिबाल्डीवर जीव टाकत होते, शहरांतल्या शिकलेल्या वर्गाला इटली मनापासून हवी होती. गुप्त मतदान झालं असतं तरी 'होय'च जिंकलं असतं असं मला वाटतं. पण पुढची गोष्ट बघा. सार्वमतात एकवीस वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषाला मत होतं. तीनच महिन्यांनी, जानेवारी १८६१ मध्ये, संसदेची निवडणूक झाली तेव्हा कर भरण्याची आणि साक्षरतेची अट आडवी आली. सव्वादोन कोटींच्या आसपास लोकसंख्या आणि मतदार चार लाखांच्या घरात, शंभरात दोन. जोडणीवर शिक्का मारायला अख्खं गाव बोलावलं, कारभार ठरवायला गावातले दोघे.

नंतर तुरिनहून अधिकारी येऊ लागले. त्यांच्या पत्रांत या 'बांधवां'बद्दल काय लिहिलंय? नेपल्सकडे कारभार पाहायला पाठवलेला फारीनी ऑक्टोबर १८६० मध्ये काव्हूरला कळवतो, ही कसली इटली, ही तर आफ्रिका. इथल्या खेडवळांपुढे बेदुईन म्हणजे सद्गुणांचे पुतळे. दाझेल्यो हा पिडमाँटचा माजी पंतप्रधान, चांगला सुसंस्कृत माणूस. त्याला नेपल्सशी एक होणं म्हणजे देवीच्या रोग्याशेजारी निजण्यासारखं वाटत होतं. याच दाझेल्योच्या तोंडी 'इटली बनवली, आता इटालियन बनवायचे आहेत' हे वाक्य जगभर घातलं जातं. त्याने लिहिलेलं जरा वेगळं आणि जास्त कडू आहे: दुर्दैवाने इटली बनली, पण इटालियन बनत नाहीयेत. गोंडस रूप त्याच्या मागून आलं.

कायदे, कर, जकात, प्रांतांवर तुरिनने नेमलेले कलेक्टर, सगळं पिडमाँटच्या साच्यातलं. पिडमाँटने युद्धांसाठी काढलेलं कर्ज साऱ्या देशाच्या नावावर चढलं. सिसिलीत पूर्वी सक्तीची लष्करभरती नव्हती, ती आली. सामायिक जमिनी आणि चर्चच्या जमिनी विकायला निघाल्या, घेणार कोण? ज्याच्याकडे रोकड तो. १८६९ पासून दळणावर कर बसला. गिरणीच्या जात्याला फेऱ्या मोजणारं यंत्र बसवलेलं, जितक्या फेऱ्या तितका कर, आणि तो अर्थातच दळण आणणाऱ्याच्या पिठातून वसूल व्हायचा. हा कर उत्तरेतही होता आणि त्याविरुद्धचे मोठे दंगे उत्तरेतच झाले, हे सांगायला हवं. राज्याची चूल पेटवायला गरिबाचं पीठ, हे देशभर सारखंच. तो पूर्ण उठला १८८४ मध्ये.

दक्षिणेत याआधीच वणवा पेटला होता. जुन्या सैन्यातले बेकार शिपाई, भरती चुकवून डोंगरात गेलेली पोरं, भूमिहीन, काही निव्वळ लुटारू, आणि त्यांना पैसा पुरवणारा रोममध्ये आश्रयाला बसलेला पदच्युत राजा. सरकारने सगळ्यांना एकच नाव दिलं: दरोडेखोर. ऑगस्ट १८६१ मध्ये बेनेव्हेंतोजवळ चाळीसेक सैनिक मारले गेले, तेव्हा १४ तारखेला पाँतेलांदोल्फो आणि कासाल्दूनी ही दोन गावं पेटवून दिली गेली. १८६३ मध्ये पिका कायदा आला: लष्करी न्यायालयं, आणि संशयावरून तडीपारी. लाखाच्या वर फौज दक्षिणेत गुंतली. संसदेने चौकशी समिती नेमली. तिच्या अहवालात शेतकऱ्याचं दारिद्र्य हे मूळ कारण म्हणून स्पष्ट नोंदलं होतं. तो अहवाल बंद दाराआड वाचला गेला.

काव्हूरच्या बाजूने बोलणारे म्हणतात, त्याच्या हातात वेळच कुठे होता? व्हेनिसमध्ये ऑस्ट्रियाची फौज बसलेली. रोममध्ये फ्रेंच. गॅरिबाल्डी रोमवर चालून गेला असता तर फ्रान्सशी युद्ध. महिनोन्‌महिने सभा भरवत बसलं तर कुणीही येऊन घास हिरावला असता. या म्हणण्यात तथ्य आहे. ऑक्टोबर १८६० मधली घाई मी समजू शकतो. पण १८६१ मधली? राज्य जाहीर झालं, इंग्लंडने मान्यता दिली, आणि मिंगेत्ती या मंत्र्याने प्रदेशांना थोडी स्वायत्तता देणारं विधेयक त्याच वर्षी संसदेपुढे मांडलंही. सिसिलीतल्या एका परिषदेने बेटासाठी स्वायत्ततेचा आराखडा आधीच तयार करून दिला होता. जूनमध्ये काव्हूर अचानक वारला. विधेयक मोडीत निघालं, आराखडा फाइलीत गेला. दक्षिणेत दंगे चालू आहेत, आत्ता सैल सोडलं तर देश फुटेल, हे कारण दिलं गेलं. मला हे उलटं वाटतं. दंगे चालू होते ते काही अंशी याच आवळण्यामुळे.

आणि सवलत द्यायचीच नाही असंही धोरण नव्हतं! टस्कनीत फाशीची शिक्षा नव्हती. टस्कनीचा नेता रिकासोली वजनदार, पुढे तोच काव्हूरनंतर पंतप्रधान झाला. तेव्हा टस्कनीला तिचा स्वतःचा फौजदारी कायदा ठेवू दिला गेला आणि १८९० पर्यंत, जवळजवळ तीस वर्षं, एका देशात दोन फौजदारी कायदे सुखाने नांदले. फ्लोरेन्समध्ये फाशी नाही, नेपल्समध्ये आहे. त्याने देश काही फुटला नाही. ज्याची पत होती त्याच्याशी बोलणी झाली, ज्याची नव्हती त्याच्याकडे चिठ्ठ्यांची दोन पात्रं पाठवली गेली.

इथे थांबलो तर मी हल्लीच्या एका टोळक्यात जाऊन बसेन, आणि ते मला नको आहे. दक्षिण इटलीत सध्या बूर्बाँ काळाच्या आठवणींचं पेव फुटलंय. आमचं राज्य श्रीमंत होतं, इटलीतली पहिली रेल्वे आमचीच, उत्तरेने आम्हाला लुटलं, असा सूर. रेल्वे पहिली होती हे खरं. १८३९ मध्ये नेपल्स ते पोर्तिची. पण वीस वर्षांनी तिथे जेमतेम शंभरेक किलोमीटर रूळ होते, पिडमाँटमध्ये त्याच्या कित्येक पट, आणि सिसिलीत एक फूटही नाही. दहातल्या नऊ दक्षिणी माणसांना सही करता येत नव्हती, ते काही पिडमाँटने केलेलं नव्हतं. आणि उत्तरेत याच्या नेमकी उलट कुरकुर: आमच्या करांवर दक्षिण बसून खाते. लेगा नोर्द या पक्षाने १९९० च्या दशकात 'पादानिया' नावाचा वेगळा देशच जाहीर करून पाहिला. २०२४ मध्ये प्रदेशांना कमी-जास्त स्वायत्तता देणारा कायदा रोममध्ये झाला, आणि त्याच वर्षी घटनात्मक न्यायालयाने त्यातली बरीच कलमं उडवली. १८६१ मध्ये स्वायत्तता गरीब प्रदेशाला हवी होती. आता ती श्रीमंताला हवी आहे. न झालेली बैठक आता उत्तर आपल्या सोयीने भरवू पाहते.

मॅझिनी १० मार्च १८७२ रोजी पिसामध्ये वारला. रोम घेऊन दीड वर्ष झालं होतं, नकाशा पुरा झाला होता. ज्या घरात त्याने प्राण सोडला तिथे त्याची ओळख 'डॉक्टर ब्राउन' अशी होती. स्वतःच्या देशात खोट्या नावाने. गॅरिबाल्डीला तर १८६२ मध्येच आस्प्रोमोंतेच्या डोंगरात इटलीच्याच सैनिकांची गोळी पायात बसली होती. कात्तानेओ संसदेवर निवडून आला, पण राजाची शपथ घ्यायला नको म्हणून सभागृहात पाऊल न टाकताच राहिला. तिघांपैकी कुणाच्या नावाचा चौक इटलीत नाही असं शहर शोधून सापडायचं नाही.

राजघराण्याने आपला अनुक्रमांक पुढच्याच पिढीत दुरुस्त केला. १८७८ मध्ये उंबेर्तो गादीवर आला तेव्हा सव्हॉय या आपल्या घराण्याच्या मोजणीने तो चौथा ठरत होता. त्याने स्वतःला 'पहिला' म्हणवलं. संसदेची मोजणी मात्र आठ, नऊ, दहा करत चालूच राहिली आणि मुसोलिनीच्या काळात तिसापर्यंत गेली.

घटनासभा आली ती २ जून १९४६ ला. त्याच दिवशी राजा की प्रजासत्ताक यावरही मतदान झालं, गुप्त, आणि पहिल्यांदाच देशभरच्या बायकाही रांगेत. प्रजासत्ताकाला १ कोटी २७ लाख, राजाला १ कोटी ७ लाख. माझ्या सगळ्या मांडणीला खीळ घालणारा तपशील पुढे आहे. राजाच्या बाजूने भरभरून मतं पडली ती दक्षिणेत. नेपल्समध्ये तर पाचांतल्या चौघांची. ज्या घराण्याच्या फौजेने यांच्या पणजोबांची गावं जाळली त्याच घराण्याला! यावर मी बराच विचार केलाय. सवय म्हणा, पाद्र्यांचा प्रभाव म्हणा, प्रजासत्ताक हेही पुन्हा उत्तरेकडूनच येऊन आपल्यावर बसणार ही धास्ती म्हणा. एक मात्र आहे. या वेळी हरलेल्यांचे प्रतिनिधीही घटना लिहायला आत बसले होते. सिसिलीला स्वायत्तता आधीच, मेमध्ये, मिळाली होती. प्रदेशांची तरतूद घटनेत आली, जरी बाकीच्या बहुतेक प्रदेशांच्या सभा प्रत्यक्ष निवडून यायला १९७० उजाडलं.

१ जानेवारी १९४८ पासून ती घटना लागू झाली आणि एप्रिलमध्ये निवडणूक झाली. त्या संसदेच्या दप्तरावर आकडा पडला: एक.